पेचकस

वर्धा रोडवरच्या हॉटेलात, एसीत,
कंपनीने आम्हा सुपरवायझरांना दिवसभर बसवलं.
विषय : भावनिक बुद्धिमत्ता.
पडद्यावर एकेक करून पंचवीस चेहरे आले,
प्रत्येकासमोर आम्ही लिहायचं :
राग, खंत, कंटाळा, भीती.
माझे चोवीस बरोबर.
टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र मिळालं,
त्यावर माझ्या आडनावात एक काना जास्त.

दुसऱ्या दिवशी नवतपा लागला.
हिंगणा एमआयडीसी, शेड नंबर चार.
पत्र्याखाली कूलर नुसती ओली वाफ ढकलत होता
आणि प्रफुल्ल टेंभरेच्या लेथवर
सकाळपासून तिसरा शाफ्ट बाद.
मायक्रोमीटर दोनदा लावून पाहिला मी. चार शतांश कमी.
उतरलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही,
हे मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं,
आणि अशा आवाजात सांगितलं
की पलीकडची ड्रिल मशीनसुद्धा थांबली.

तो म्हणाला, हो मॅडम.
मी मेमो लिहायला घेतला.

गजबे फोरमन काही बोलले नाहीत.
एकतीस वर्षं या आवाजात काढलेली,
डावा कान जवळपास गेलेला.
त्यांनी लांब पेचकस काढला,
टोक हेडस्टॉकवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला,
आणि डोळे मिटून उभे राहिले,
दाराआडचं बोलणं ऐकावं तसे.
"बेअरिंगले काही झालं नाही."

मग माझ्या टेबलाशी आले. उभ्यानंच :
"पोट्ट्यानं काल डबा उघडला नाही. आजही नाही.
टाकीपाशी तीनदा गेला,
नळ सोडला, हात धुतले, न पिताच आला."
काय झालंय त्याला?
"मले काय माहीत. मी कुठं इचारलं."
विचारायला नको?
"सांगावं वाटलं त सांगन.
तवर त्याले बारीक मापाचं काम नका देऊ.
होल पाडू द्या. प्लेटा पडून आहेत."

मी पेन खाली ठेवलं नाही.
ते जरा घुटमळले.
मानेवरचा दुपट्टा पिळला, पुन्हा टाकला :
"अन् मॅडम, राग नका मानू.
सकाळी पावणेनऊले तुमचा फोन वाजला न,
तवापासून तुमचा आवाज बी
मापाच्या बाहेर चालू आहे."

पावणेनऊचा फोन पुण्याहून होता.
शुक्रवारपर्यंत दोनशे शाफ्ट,
नाहीतर ऑर्डर राजकोटला.
मी तो कोणालाच सांगितला नव्हता,
मलासुद्धा नीटसा नाही.

तो पंचविसावा चेहरा आठवला.
एक बाई, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट.
मी लिहिलं होतं, राग.
उत्तर दुसरं होतं.

मेमो ड्रॉवरमध्ये गेला. फाडला मात्र नाही.
लेथवर गजबे स्वतः उभे राहिले,
साठीला आलेले गुडघे एकदा या पायावर, एकदा त्या.
शुक्रवारी सोळा शाफ्ट कमी पडले.
पुण्यानं जे बोलायचं ते बोललं.
प्रफुल्लनं कधीच काही सांगितलं नाही.
चौथ्या दिवशी फक्त डबा उघडला,
भेंडीची भाजी झाकणावर काढून
गजब्यांकडे सरकवली,
आणि दोघं भिंतीकडे तोंड करून जेवले.

परवा शिफ्ट सुटताना मी पेचकस मागितला.
लेथ रिकामाच फिरत होता.
टोक टेकवलं, मूठ कानाला लावली.
काही कळत नाही, म्हटलं. नुसतं धडधडतंय.
"ते तुमचंच आहे जी," गजबे म्हणाले.
"पहिले तेच ऐकू येते.
त्याले बसू द्या. मंग मशीन."

मी थांबले.
वर तापलेला पत्रा तडतडत होता,
गेटवर पुढच्या शिफ्टचे लोक पंच करत होते.
"अजून थोडं," ते म्हणाले.